आईचा अंगठा आणि आमचा केसपेपर

बालरोगतज्ज्ञाने अंगठ्याविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. आमच्या शाखेत अंगठा भेटतो तो बहुधा चोखला जाणारा. फार तर दोन-तीन वर्षांच्या मुलाचा वाकून अडकलेला, ज्याला आपण ट्रिगर थंब म्हणतो तो. त्यामुळे स्मरणिकेसाठी मी ‘हाताने काम करणाऱ्यांच्या मनगटाचे व अंगठ्याचे दुखणे’ हा विषय सुचविला, तेव्हा “हा प्रांत अस्थिरोगतज्ज्ञांचा नव्हे काय?” अशी विचारणा झाली. विचारणा रास्त होती. परंतु हे दुखणे मला शिकविले ते एका चार महिन्यांच्या मुलीच्या वजनाच्या आलेखाने, आणि तेही माझ्या हातून एक चूक घडल्यानंतर. ती चूक मांडल्याशिवाय पुढचे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२००९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या काळी आठवड्यातून एक दिवस मी निपाणीला बाह्यरुग्ण तपासणीसाठी जात असे. जवळच्या खेड्यातली एक विशी-बाविशीची आई आपली पहिली मुलगी घेऊन आली. जन्मवजन २ किलो ८०० ग्रॅम. चार महिने पुरे झाले तेव्हा वजन भरले ४ किलो ६०० ग्रॅम. मूल हसरे, ताप नाही, जुलाब नाही, हृदयाचे ठोके निर्दोष. लघवीची तपासणीही स्वच्छ आली. मी आईला समोर बसवून पाजायला सांगितले. मूल चांगले ओढत होते. पण चार-पाच मिनिटे होतात न होतात तोच आई चुळबुळ करू लागे, मुलीला या मांडीवरून त्या मांडीवर घेई आणि शेवटी दूर करी. मूल अर्धपोटी रडे. निदान मला उघड दिसत होते. मी तिला पाजण्याची पद्धत समजावली आणि पंधरा दिवसांनी वजनात फरक दिसला नाही तेव्हा चांगले रागावले. “मुलीकडे लक्ष देत नाहीस तू. दहा मिनिटे एका जागी बसवत नाही का?” सोबत आलेल्या सासूबाईंनी लगोलग दुजोरा दिला: “मी बी त्येच सांगतोय बाई, घरात बी हिचं असंच चालतंय.” मुलगी खाली मान घालून गेली. मी स्वतः दोन मुले वाढविली आहेत; तरीही ती गप्प का, हा प्रश्न मला पडला नाही.

तिसऱ्या खेपेस पाऊस जोराचा होता आणि गर्दी कमी होती. तपासणी संपल्यावर टेबलावरचे मूल उचलताना तिने दोन्ही हातांचे पंजे वापरलेच नाहीत. सरपणाची मोळी उचलावी तसे दोन्ही कोपरांपुढचे हात मुलीखाली सरकवून तिने तिला छातीशी घेतले. मग औषधाच्या बाटलीचे झाकण उघडून दाखवायला मी सांगितले, तर बाटली तिने नवऱ्याच्या हातात दिली. मी सहज विचारले, “हात दुखतो का गं?” त्या साध्या प्रश्नाने तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. “पोरीचं डोकं धरलं की आंगठ्यापासनं वरपतूर कळ जाती, बाई. वाटतंय, आता सुटतंय हातातनं. सोडलं तर पडंल म्हणून मग खालीच ठेवतो.” उजव्या मनगटाच्या अंगठ्याकडील हाडाच्या उंचवट्यावर बोट ठेवताच तिने हात झटकन मागे घेतला. आणि त्यानंतर मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता: “दिवसभर काम काय करतेस?”

ती विड्या वळत होती. सव्वा महिना होताच ती पुन्हा सुपासमोर बसली होती.

निपाणीचे नाव आपण सारेच तंबाखूमुळे जाणतो. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली झालेले तंबाखू उत्पादकांचे आंदोलन ज्येष्ठांना आठवत असेल. तंबाखूच्या वखारींतील धूळ, स्त्रियांचा खोकला, क्षय, दमा यांविषयीही आपण डॉक्टर मंडळी अधूनमधून बोलतो. परंतु विडी वळणाऱ्या स्त्रीच्या सुपात तंबाखूशेजारी जी कात्री असते, तिच्याकडे निदान माझे तरी कधी लक्ष गेले नव्हते.

विडी कशी होते? तेंदूची पाने भिजवून मऊ करायची. पत्र्याचा ठरावीक मापाचा तुकडा पानावर ठेवून त्याच्या कडेने कात्री फिरवायची. कापलेल्या पानात चिमूटभर तंबाखू पसरायची, अंगठा व बोटे यांच्यामध्ये ते घट्ट वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि टोक नखाने अथवा लहानशा सळईने आत दुमडून बंद करायचे. यातील एकही क्रिया जड नाही. पाहणाऱ्याला हे बसल्या जागेचे, हलके, बायकांना जमणारे काम वाटते. पण मजुरी ठरते ती हजार विड्यांवर. एका पानाला कात्रीचे चारच घाव धरले, तरी हजार विड्यांसाठी कात्री चार हजार वेळा मिटते. प्रत्येक वेळी अंगठा उघडतो, दाबतो, पुन्हा उघडतो. त्यानंतर हजार वेळा चिमूट, हजार वेळा वळणे, हजार गाठी. शिवाय भांडी, धुणे, पिळणे हे वेगळेच. आणि या सगळ्यानंतर रात्री तोच अंगठा फाकवून साडेचार किलोच्या मुलीचे डोके तोलून धरायचे. माझा सारा राग या हिशेबाशी अनभिज्ञ होता.

आता थोडे शरीररचनेविषयी. डॉक्टर वाचकांना हे नवे नाही, पण इतरांसाठी सांगते. अंगठा बाहेर उघडणाऱ्या आणि वर उचलणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या अंगठ्याकडील हाडावरून एका अरुंद बोगद्यातून जातात. बोगद्याचे छत म्हणजे एक चिवट पट्टा. अंगठा फाकलेला असताना मनगट करंगळीकडे वा तळव्याकडे झुकले की, या कंडरा त्या छताच्या कडेवर दोरीसारख्या घासल्या जातात. हे वारंवार घडले की छत जाड होते, बोगदा आणखी अरुंद होतो आणि कंडरांची ये-जा अडखळते. आपण सवयीने याला दाह म्हणतो. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली दाहापेक्षा झीज आणि जाडपणाच अधिक दिसतो. म्हणूनच केवळ वेदनाशामक गोळ्यांनी हे दुखणे मुळातून जात नाही. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ साली पाच रुग्णांच्या आधारे याचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव विकाराला मिळाले. त्याआधी दोन वर्षे, १८९३ च्या ‘ग्रेज् अ‍ॅनॅटॉमी’च्या आवृत्तीत याच जागेच्या दुखण्याची नोंद ‘धोबिणीची लचक’ या अर्थाच्या नावाने आली होती. पाठ्यपुस्तकातले आपले नाव शल्यविशारदाचे आहे. जुने नाव मात्र हाताच्या मालकिणीचे होते.

परीक्षेविषयी एक बारकावा नमूद करावासा वाटतो. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकविण्याच्या चाचणीला आपण सर्रास फिंकेलस्टाईनचे नाव देतो. वस्तुतः ती आयकहॉफ यांनी १९२७ साली वर्णिलेली चाचणी होय. फिंकेलस्टाईन यांच्या १९३० च्या वर्णनात परीक्षक स्वतः रुग्णाचा अंगठा धरून हात करंगळीकडे झुकवितो. हा भेद केवळ नावाचा नाही. मुठीच्या चाचणीत निरोगी माणसालाही ताण जाणवतो, तेव्हा तेवढ्यावर निदान करू नये. दाबल्यावर हाडाच्या त्या उंचवट्यावरच दुखते का, दुसऱ्या हाताशी तुलना केली का, हे पाहावे. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची झीज, पडल्यानंतर निसटून गेलेले स्कॅफॉइडचे अस्थिभंग आणि तेथून जाणाऱ्या वरवरच्या चेतातंतूवरील दाब ही तिन्ही या जागी फसवू शकतात. रात्री मुंग्या येऊन झोप मोडत असेल, आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होत असेल, तर वाट कार्पल टनेलकडे जाते. गरोदरपणात व बाळंतपणानंतर हे दोन्ही विकार आढळतात. बाळाला वारंवार उचलण्याचा ताण आणि शरीरातील बदल अशी दोन्ही कारणे त्यामागे मानली जातात.

केवळ कामामुळेच डी क्वेर्व्हेनचा विकार होतो काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, हेही प्रांजळपणे सांगावयास हवे. परंतु आधीच अरुंद झालेल्या बोगद्यातून दिवसाला हजारो वेळा कंडरा ओढल्या तर दुखणे वाढते आणि रेंगाळते, हे समजण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत स्नायू व अस्थिसंस्थेच्या विकारांचा स्वतंत्र गट आहे. त्या गटातील पहिलीच नोंद याच विकाराची आहे: पुनःपुन्हा होणाऱ्या हालचाली, जोर लावणे आणि मनगटाची टोकाची स्थिती यांमुळे होणारा. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याला जोडलेल्या सूचनीय रोगांच्या परिशिष्टात मात्र त्याला जागा नव्हती. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले, ही मोठीच गोष्ट होती. पण अंगठा दुखतो म्हणून तिने चार दिवस कात्री खाली ठेवली, तर त्या दिवसांच्या हजारांचा हिशेब कोण भरून देणार, हा प्रश्न तिच्या उंबऱ्यापाशी तसाच राहिला.

येथेच आपल्या औषधचिठ्ठीतील एका शब्दाची परीक्षा होते. तो शब्द म्हणजे ‘विश्रांती’. नोकरदार रुग्णाला विश्रांती म्हणजे रजा. हजारावर मजुरी मिळविणाऱ्या स्त्रीला विश्रांती म्हणजे मजुरीत कपात. आणि तान्ह्या मुलाच्या आईला विश्रांती म्हणजे काय, हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही. त्या दिवशी मीही चिठ्ठीवर तोच शब्द लिहिणार होते. तिने तो वाचला असता आणि मान डोलावून घरी जाऊन पुन्हा कात्री हाती घेतली असती. आपण मग टिपण केले असते की रुग्ण सूचना पाळत नाही.

त्याऐवजी आम्ही तिघींनी, म्हणजे ती, सासूबाई आणि मी, बसून तिचा दिवस उलगडला. पाने कापण्याचे काम ती पहाटे एका बैठकीत संपवीत असे. ते महिनाभरासाठी घरातल्या जावेने घ्यावे आणि हिने तिचे बांधण्याचे काम उचलावे, असे ठरले. पाने नीट भिजलेली असावीत आणि कात्रीला धार व तेल असावे, हे सासूबाईंनीच सुचविले. इतकी वर्षे त्याच कामात घालविलेल्या त्या बाईला माझ्यापेक्षा कितीतरी अधिक कळत होते. सुनेचा हात खरोखरच दुखतो आहे, हे डॉक्टरच्या तोंडून ऐकल्यावर त्यांचा सूरही बदलला. मुलीला पाजताना कुशीवर निजून पाजावे, बसून पाजायचे तर जुन्या लुगड्याची जाड घडी मांडीवर घेऊन मुलीचा भार तिच्यावर द्यावा, आणि उचलताना बगलेत अंगठे घालून न उचलता तळवे वर करून खालून ओंजळीत घ्यावे, एवढे तिने तेथेच करून पाहिले. झोपताना अंगठा व मनगट स्थिर ठेवणारा आधार दिला. माझ्या एका अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांनी पुढच्याच आठवड्यात बोगद्यात स्टेरॉइडचे एक इंजेक्शन दिले.

सहा आठवड्यांनी मुलीचे वजन ५ किलो ७०० ग्रॅम भरले. मी तिला एक थेंबही औषध दिले नव्हते.

या इंजेक्शनविषयी आपल्या मंडळींसाठी दोन शब्द. योग्य जागी दिल्यास बहुसंख्य रुग्णांना त्याने आराम पडतो. पण काहींच्या बोगद्यात एक आडपडदा असतो आणि औषध एकाच कप्प्यात राहते. तेव्हा पहिले इंजेक्शन लागू पडले नाही म्हणून निदान चुकले असे समजू नये. औषध त्वचेखालीच राहिले तर तेथे पांढुरका डाग वा खळगा पडू शकतो. सावळ्या कातडीवर तो ठळक दिसतो, म्हणून रुग्णाला आधी कल्पना द्यावी. मधुमेही व्यक्तीची साखर काही दिवस वाढू शकते. अंगावर पाजणाऱ्या आईला हे इंजेक्शन वर्ज्य नाही. परंतु त्यानंतर काही दिवस दूध कमी झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत. ते पुन्हा वाढते. पण आधी सांगितलेले नसेल तर घाबरलेली आई त्याच दिवसांत पावडरचा डबा आणते आणि बाटली घरात शिरते. अशा वेळी बालरोगतज्ज्ञाला एक निरोप पाठविला तर किती बरे होईल. या उपायांनी न भागल्यास बोगद्याचे छत उघडण्याची शस्त्रक्रिया आहे. ती लहान असली तरी वरून जाणाऱ्या चेतातंतूला जपणाऱ्या हातांनीच व्हावी.

त्या पावसाळ्यानंतर मी आयांचे हात पाहू लागले आणि ते सगळीकडे दिसू लागले. बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातील यंत्रमागांवर तुटलेले धागे चिमटीत धरून सांधणारे हात, शिलाईची कात्री चालविणारे हात, बांधकामावर घमेली उचलणारे हात, दुसऱ्यांच्या घरची धुणी पिळणारे हात. खेड्यांतून दोन-तीन म्हशींच्या धारा काढून मगच मूल घेऊन येणाऱ्या आया तर अनेक. धार काढताना अंगठा आत मुडपून त्याच्या पेराने सड दाबण्याची सवय अनेकांना असते. पशुवैद्यक ही सवय सडाला इजा करते म्हणून पूर्ण मुठीने धार काढण्यास सांगतात. जनावराच्या हितासाठी सांगितलेला हा उपाय धार काढणाऱ्या बाईच्या अंगठ्यालाही सुखाचा आहे, असे मी आता त्या आयांना सांगते; आणि म्हशीसाठी म्हटले की तो लवकर पटतो, असा माझा अनुभव आहे.

इटलीतील मोडेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर पहिला सविस्तर ग्रंथ लिहिला. हिपोक्रॅटिसने रुग्णाला विचारावयास सांगितलेल्या प्रश्नांत आपण आणखी एकाची भर घालावी, असे त्यांनी सुचविले: तुझा व्यवसाय कोणता? त्या ग्रंथात तंबाखूचे काम करणाऱ्यांवर, धोबिणींवर आणि अंगावर पाजणाऱ्या दायांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. माझ्यासमोर खाली मान घालून बसलेली ती मुलगी एकटीच या तिन्ही प्रकरणांत होती. आणि ग्रंथाला तीनशे वर्षे उलटून गेल्यावरही मला तो एक प्रश्न विचारायला तिसरी भेट लागली.

आमच्या शाखेच्या केसपेपरवर वडिलांचा व्यवसाय लिहिण्यासाठी रकाना असतो. आईच्या नावापुढे आपण न विचारताच ‘गृहिणी’ असे लिहून मोकळे होतो. विड्या घरात वळल्या जातात, म्हैस घराच्या परड्यात असते, शिलाईचे यंत्र माजघरात असते. म्हणून ते काम आपल्या लेखी कामच नसते. मी माझ्या केसपेपरवर ‘आईचे काम’ असा एक रकाना वाढवून घेतला आहे. तो भरताना ‘घरीच असते’ असे उत्तर आले की दुसरा प्रश्न विचारते, “घरी हाताने काय करतेस?” याला अर्धा मिनिट लागतो.

ती आई तीन वर्षांनी पुन्हा आली. दुसरा मुलगा झाला होता, दीड महिन्याचा. विड्या चालूच होत्या. त्या थांबतील अशी माझी अपेक्षाही नव्हती. या वेळी दुखणे डाव्या हाताला होते. मुलाचे वजन उत्तम होते. कारण ती वाट न पाहता, सासूबाईंना मागे ठेवून, आपण होऊन आली होती. खोलीत शिरताच तिने मूल माझ्या टेबलावर ठेवले आणि अंगठा वर करून हात माझ्यापुढे धरला. “बाई, आधी ह्ये बघा,” ती म्हणाली, “मग त्येला बघा.”

मी आधी तिचा हात पाहिला.